वाचक विचारतात : ‘अमेझिंग ग्रेस’ची चाल, पेटीवर आणि बॅगपाइपवर

या महिन्यात आलेल्या पत्रांतली बरीच पत्रं एकाच गाण्याबद्दल होती. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. पत्रलेखकांची नावं न देता फक्त वस्ती दिली आहे.

प्रश्न : ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत एका गुलामवाहू जहाजाच्या कप्तानानं वादळात सापडल्यावर डेकवरच लिहिलं आणि चाल जहाजाच्या तळघरातल्या गुलामांकडून ऐकली, असा मजकूर आमच्या पॅरिशच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरतो आहे. यात खरं किती? (वांद्रे)

वादळ खरं, कप्तान खरा, बाकी गोष्टीची कालगणना पार बिघडलेली आहे.

जॉन न्यूटनचा जन्म १७२५ सालचा, लंडनचा. ‘ग्रेहाउंड’ नावाच्या जहाजावर असताना मार्च १७४८ मध्ये तो अटलांटिकमध्ये भयंकर वादळात सापडला. त्या वेळी तो त्या जहाजाचा कप्तान नव्हता. वादळानं त्याचा धर्माकडे ओढा वाढला, पण गुलामांचा व्यापार सुटला नाही. उलट कप्तान म्हणून त्यानं गुलामवाहू जहाजं चालवली ती त्यानंतर, १७५० ते १७५४ या काळात. समुद्र सोडला तो आजारपणामुळे. पुढे १७६४ मध्ये त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि बकिंगहॅमशरमधल्या ऑल्नी या गावी नेमणूक झाली. लेस विणून पोट भरणाऱ्या गरीब कारागिरांचं हे गाव. हे गीत त्यानं १ जानेवारी १७७३ च्या नववर्षाच्या प्रवचनासाठी रचलं, म्हणजे वादळानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी. आधार होता जुन्या करारातल्या पहिल्या इतिहासाच्या सतराव्या अध्यायाचा. दाविद राजा ‘मी कोण, माझं घराणं काय’ असं देवाला म्हणतो तो भाग. छापील रूपात ते १७७९ मध्ये ‘ऑल्नी हिम्स’ या संग्रहात आलं. या संग्रहात दुसरा वाटा कवी विल्यम कूपरचा. गुलामगिरीविरुद्धची न्यूटनची पुस्तिका तर १७८८ ची.

त्या संग्रहात कुठल्याच गीताला स्वरलिपी नव्हती. इंग्रजी स्तोत्रांत ओळीची अक्षरं मोजायची पद्धत आहे. या गीताचं माप ८-६-८-६, आणि या मापाची चाल या मापाच्या कुठल्याही गीताला चालते. म्हणून ते बरीच वर्षं हाताशी असेल त्या चालीवर म्हटलं गेलं. आज आपण ऐकतो ती चाल अमेरिकेतली. तिची जुनी रूपं १८२९ च्या ‘कोलंबियन हार्मनी’ या पुस्तकात वेगळ्या शब्दांसह सापडतात. दक्षिण कॅरोलिनाच्या विल्यम वॉकरनं १८३५ च्या ‘सदर्न हार्मनी’मध्ये न्यूटनचे शब्द आणि ही चाल एकत्र छापली आणि चालीचं नाव दिलं ‘न्यू ब्रिटन’. न्यूटन १८०७ मध्येच वारला होता. म्हणजे ही चाल या गीताला लागलेली त्यानं ऐकलीच नाही. चालीचा कर्ता अज्ञात आहे. ती आफ्रिकी आहे, स्कॉटिश आहे, असे दावे दोन्ही बाजूंनी होतात. पुरावा एकाचाही नाही.

एक किरकोळ गोष्ट. ‘दहा हजार वर्षं’ असा उल्लेख असलेलं शेवटचं कडवंही न्यूटनचं नाही. त्याची कडवी सहा. हे सातवं दुसऱ्या एका जुन्या गीतातून येऊन चिकटलेलं आहे. पत्रिकेवर कवीचं नाव छापताना एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : पेटीवर ही चाल वाजवून पाहिली तर मध्यम आणि निषाद लागतच नाहीत. मग हा भूपच ना? स्वर लिहून द्याल का? (दादर)

स्वर भूपाचे, पण भूप नाही. आधी स्वर पाहा. प्रत्येक उभ्या रेघेनंतर तीन मात्रा आहेत. जोडून लिहिलेले दोन स्वर एका मात्रेत. खाली टिंब म्हणजे मंद्र.

प़ | सा – गसा | ग – रे | सा – ध़ | प़ –
प़ | सा – गसा | ग – रे | प – – | प –
ग | प – पग | सा – प़ | ध़ – साध़ | प़ –
प़ | सा – गसा | ग – रे | सा – – | सा –

ओळीचा पहिला स्वर आधीच्या ओळीच्या शेवटच्या मात्रेवर येतो, म्हणून तो रेघेच्या अलीकडे लिहिला आहे. मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत नेमकं एक सप्तक, आणि त्यातही मध्य सप्तकातला धैवत येतच नाही. धैवत आहे तो फक्त मंद्रात, तोही पंचमाकडे उतरण्यापुरता. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि धैवत संवादी, म्हणजे त्याच्या खालोखाल महत्त्वाचा. ‘सा रे ग प, ध प ग रे सा’ अशा चलनाशिवाय भूप उभा राहत नाही. इथे सगळा जोर सा, ग आणि प यांच्यावर आहे. रिषभ केवळ वाटेत लागतो. तेव्हा गाताना भूपाच्या मिंडी घालायचा मोह आवरा, चालीचा साधेपणा त्यात बुडतो.

पट्टी निवडताना चालीचा खालचा स्वर सा नाही, मंद्र पंचम आहे, हे विसरू नका. समूहाला गायचं असेल तर सा पांढरी चार किंवा पांढरी पाच ठेवा. पांढरी पाच घेतल्यास चाल पांढरी दोनपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत राहते आणि बायका-पुरुष दोघांनाही झेपते. काळी एकला सा धरला तर खालचा पंचम बायकांना लागत नाही आणि पहिलाच स्वर हवेत जातो.

चुका ठरलेल्या आहेत. एक, ‘गसा’ची जागा. काही जण तिथे ‘गरेसा’ असे तीन स्वर घेतात. दोन्ही रूपं रूढ आहेत, पण एका समूहात एकच ठरवा. अर्धे लोक दोन आणि अर्धे तीन स्वर घेतात तेव्हा तिथे नुसता गलका होतो. तिसऱ्या ओळीच्या ‘प – पग’मध्येही बरेच जण आधीच एक ग घालून ‘प-ग पग’ करतात. तेही चालतं, ठरवून केलं तर. दोन, दुसऱ्या ओळीच्या शेवटचा वरचा पंचम. तो पूर्ण पाच मात्रांचा आहे. श्वास संपला की लोक तो तिसऱ्या मात्रेला सोडतात आणि तिसरी ओळ दोन मात्रा आधी सुरू होते. उपाय सोपा : त्या आधीच्या ‘रे’वर नाही, तर ओळीच्या सुरुवातीच्या मंद्र पंचमाआधी भरपूर श्वास घ्यायला सांगा.

प्रश्न : तबल्याची साथ दादऱ्याची द्यावी की केहरव्याची? आमचा तबलजी पहिल्याच अक्षरावर सम धरतो आणि पुढे सगळं एका मात्रेनं सरकतं. (गिरगाव)

केहरवा नको, ही चाल तिनाची आहे. दादरा बरोबर बसतो. दर ओळ बारा मात्रांची, म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं. अख्खं कडवं आठ आवर्तनांत संपतं. सम पहिल्या अक्षरावर नाही, दुसऱ्यावर, म्हणजे ‘सा’वर. पहिला प़ सहाव्या मात्रेवर येतो. तबलजीला सुरुवातीला फक्त एवढंच सांगा : गायक ‘अ’ म्हणेल तेव्हा तुझी सहावी, ‘मे’ला ‘धा’. मग ‘ग – रे’ खालीच्या, म्हणजे चौथ्या, मात्रेवर पडतो आणि वरचा लांब पंचम आपोआप चौथ्या आवर्तनाच्या समेवर येऊन बसतो. तो तिथे बसला की ताल बरोबर आहे, नाही तर नाही. ही सोपी तपासणी आहे.

लय मिनिटाला साठ ते बहात्तर मात्रा. साठ ठेवली तर एक कडवं अठ्ठेचाळीस सेकंदांत होतं. त्याहून संथ केलं की समूहाचे श्वास तुटतात.

प्रश्न : याच चालीवर मराठी अभंग म्हणता येईल का? (माहीम)

ओढूनताणून येईल, शोभणार नाही. मोठ्या अभंगाच्या चरणांची अक्षरं ६-६-६-४, एकूण २२. या चालीला हवीत २८. सहा अक्षरं राहतात ती कुठे तरी ओढत न्यावी लागतात आणि चौथ्या ओळीत तर चार अक्षरांवर सहा अक्षरांची जागा भरावी लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग-ओवीची वाट घातली ती देशी चालींसाठीच. ते शब्द त्या चालींवरच राहू द्यावेत, हे आमचं मत.

नवीन मराठी शब्द लिहायचे असतील तर मात्र एक पथ्य पाळा. ओळीचं पहिलं अक्षर समेच्या बाहेर, कमजोर जागी आहे आणि दुसरं समेवर दोन मात्रा लांब आहे. तेव्हा ओळ ‘कृपा’, ‘दया’, ‘तुझी’, ‘प्रभू’ अशा ऱ्हस्व-दीर्घ शब्दानं सुरू झाली तर अलगद बसते. ‘येशू’ किंवा ‘देवा’नं सुरू केली की ‘शू’ आणि ‘वा’ उगाच ठळक होतात आणि ऐकणाऱ्याला काही तरी खटकत राहतं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या बँडमध्ये चार बॅगपाइप, तीन कॉर्नेट, दोन ट्रॉम्बोन, एक युफोनियम आणि ड्रम आहेत. १९७२ च्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेसारखं हे गीत बसवायचं आहे. पाइप वेगळे छान वाजतात, ब्रास वेगळा छान वाजतो, एकत्र आले की कानठळ्या. काय चुकतं? (भायखळा)

मुलांचं काही चुकत नसण्याची शक्यता जास्त. अडचण वाद्यांच्या सुराची आहे.

ती ध्वनिमुद्रिका रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्स या ब्रिटिश पलटणीच्या बँडची. एप्रिल १९७२ मध्ये ती ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि तिथे पाच आठवडे राहिली. तिची कल्पना आली ती १९७० च्या ज्युडी कॉलिन्सच्या गायनावरून : तिथे आधी एकटा आवाज आणि मग समूह, तसा इथे आधी एकटा पाइपवादक आणि मग पाइप व ब्रास मिळून. बॅगपाइपवर ही चाल इतकी सहज का आली, हे वाद्य पाहिलं की कळतं. वाजवायच्या नळीवर, म्हणजे चँटरवर, स्वर फक्त नऊ : खालचा जी, मग ए, बी, सी, डी, ई, एफ, जी आणि वरचा ए. त्यातले सी आणि एफ शार्प असतात. डी हा सा धरला तर खालचा ए मंद्र पंचम, बी मंद्र धैवत, ई रिषभ, एफ गंधार आणि वरचा ए मध्य पंचम. चालीला लागणारे सगळे स्वर हजर, वर-खाली एकही कमी नाही.

आता गंमत अशी की पिशवीतून सतत वाजणारे तीन ड्रोन ए या सुरात असतात. म्हणजे या चालीपुरता हा तंबोरा नुसत्या पंचमाचा आहे, षड्जाची तारच नाही. त्यामुळेच शेवटचा सा लागला तरी चाल पुरती टेकल्यासारखी वाटत नाही. तो दोष नाही, या वादनाची चवच ती.

कागदावर ए लिहिलेला सुर कानाला ए ऐकू येत नाही. तो बी फ्लॅटच्या आसपास असतो, म्हणजे आपली काळी पाच. आणि चालीचा सा काळी दोनच्या आसपास. घोळ या ‘आसपास’मध्ये आहे. तुमचे कॉर्नेट-ट्रॉम्बोन ‘ए म्हणजे ४४० हर्ट्झ’ या मापानं बनलेले आहेत, त्यांचा बी फ्लॅट ४६६ हर्ट्झचा. आजचे बहुतेक चँटर ४७० ते ४८५ मध्ये बोलतात. ४८० धरला तर फरक पन्नास सेंटचा, म्हणजे अर्ध्या सुराचा निम्मा. दोन्ही वाद्यं एकत्र वाजली की सेकंदाला चौदा वेळा सूर थरथरतो. कानठळ्या त्या थरथरीच्या. ब्रासची स्लाइड पूर्ण आत ढकलली तरी एवढं अंतर भरून निघत नाही.

मार्ग दोन. पैसे असतील तर ४६६ चे चँटर मागवा; ते खास ब्रासबरोबर वाजवण्यासाठीच मिळतात आणि मागणी देताना आकडा लिहूनच द्यावा लागतो. त्यांच्यात रीडही (फुंकल्यावर थरथरून सूर देणारी पट्टी) त्याच मापाची हवी, जुनी रीड घातली की सूर पुन्हा वर चढतो. बारीक फरक असेल तर रीडच्या बुडाशी मेणाचा दोरा एक-दोन वेढे वाढवून ती थोडी वर बसवा, सूर उतरतो. पण वरच्या हाताचे स्वर खालच्यांपेक्षा जास्त उतरतात, म्हणून नंतर प्रत्येक स्वर वेगळा तपासा. एखादा स्वर चढा राहिला तर त्या छिद्राच्या वरच्या कडेवर काळी इलेक्ट्रिकची चिकटपट्टी किंचित ओढा. पन्नास सेंट मात्र अशा युक्त्यांनी उतरवायला जाऊ नका. रीड हलायला लागते आणि मधूनच किंचाळते.

पैसे नसतील तर एकत्र वाजवूच नका. एक कडवं पाइप, एक कडवं ब्रास, मध्ये साइड ड्रमचा चार मात्रांचा रोल. त्या रोलमध्ये कान मागचा सूर विसरतो आणि पाव सुराचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. शाळेच्या बँडला आम्ही हाच मार्ग सुचवू.

एकत्र वाजवायचंच ठरलं तर पट्ट्या अशा : पाइपचा कागद डी मेजरमध्ये, ट्रॉम्बोनचा ई फ्लॅटमध्ये, कॉर्नेट आणि (ट्रेबल क्लेफ वाचणारं असेल तर) युफोनियम एफमध्ये. पुढे आल्टो सॅक्सोफोन किंवा ई फ्लॅट हॉर्न आला तर त्याला सीमध्ये लिहा. पाइप कॉर्नेटच्या एक सप्तक वर ऐकू येतात, तेव्हा चाल पाइपकडे द्या आणि कॉर्नेटना खालचे सूर. तिघांनीही चालच वाजवली तर अर्धी मेहनत वाया.

स्वरमेळ बसवताना तिसरा आणि अकरावा गण (दोन उभ्या रेघांमधला तुकडा) जपा (‘सा – ध़’ आणि ‘ध़ – साध़’ येतात ते). छापील पुस्तकात तिथे ए फ्लॅटचा कॉर्ड असतो. पियानोवर तो उत्तम. पाइपच्या बाजूला मात्र बी फ्लॅटचे तीन ड्रोन अखंड चालू आहेत आणि त्यांच्या शेजारी ए फ्लॅट वाजला की मध्यम-पंचम एकमेकांना घासतात. तिथे सी मायनर घ्या. चालीचे दोन्ही स्वर त्यात बसतात आणि ड्रोनचा बी फ्लॅटही त्यात मुरतो. ए फ्लॅट हवाच असेल तर तो फक्त युफोनियमला, जितका खाली जमेल तितका द्या. मधल्या वाद्यांना देऊ नका.

गंधाराचंही एक आहे. पाइपचा गंधार ड्रोनशी जुळवलेला, तंबोऱ्यातून ऐकू येतो तसा शुद्ध असतो. ब्रासचा गंधार पेटीसारखा सुमारे चौदा सेंट चढा. ई फ्लॅटच्या कॉर्डमध्ये ज्या कॉर्नेटकडे गंधार आहे त्यानं तो ओठांनी थोडा उतरवावा. ट्रॉम्बोननं स्लाइड केसभर बाहेर घ्यावी.

पाइपला हळू-मोठा आवाज नाही आणि थांबणंही नाही. पहिल्या ओळीच्या शेवटी आणि दुसरीच्या सुरुवातीला मंद्र पंचम लागोपाठ येतो. पेटीवर बोट उचललं की दोन स्वर होतात. पाइपवर मध्ये झटकन दुसऱ्या बोटाचा कण घेतला नाही तर दोन्ही मिळून एकच लांब सूर ऐकू येतो. तसंच चौथ्या ओळीच्या आधी. चारही मुलांनी हा कण त्याच क्षणी घ्यायला हवा. सरावाचा निम्मा वेळ या दोन जागांवर घालवलात तरी जास्त नाही.

आवाज वाढवायचा तो माणसं वाढवून. पहिलं कडवं एकटा पाइपवादक, दुसरं चौघं, तिसऱ्यात ब्रास खालून शिरू द्या, शेवटी पुन्हा एकटा. सभागृह लहान असेल तर चार पाइप आत आणूच नका, एक पुरतो, आणि तोही मागच्या दाराशी उभा करा.

प्रश्न : बीटिंग रिट्रीटला दिल्लीत वाजायचं ते हेच का? (परळ)

नाही. ते ‘अबाइड विथ मी’. शब्द हेन्री लाइटचे, १८४७ चे. चाल विल्यम मंकची, १८६१ ची. गांधीजींच्या आवडीचं म्हणून ते ओळखलं जातं. २०२२ पासून ते त्या समारंभातून वगळलं आहे. बॅगपाइपवर ते वाजवायचा प्रयत्न करणाऱ्यांसाठी इशारा : दुसऱ्या ओळीच्या शेवटी तीव्र मध्यम लागतो आणि शुद्ध मध्यमही आहेच. चँटरवर हे दोन्ही एकत्र मिळत नाहीत. ते ब्रासवरच वाजवा.

प्रश्न : कार्यक्रमाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकलं तर हक्कांचा प्रश्न येईल का? (बोरिवली)

न्यूटनचे शब्द आणि १८३५ ची चाल यांवर कुणाचाही हक्क उरलेला नाही. विकत घेतलेली बँडची स्वरपुस्तिका किंवा एखाद्या ध्वनिमुद्रिकेतली मांडणी जशीच्या तशी उतरवली तर ती मात्र त्या मांडणीकाराची. वर दिलेल्या स्वरांवरून स्वतः बसवलंत तर प्रश्न नाही.

प्रश्न : पावसाळ्यात पाइप बोलतच नाहीत. दुपारी चर्चच्या एसी हॉलमध्ये लावलेले सूर संध्याकाळी बाहेर बिघडतात. (ओर्लेम, मालाड)

दोन वेगळी दुखणी आहेत.

सूर चढतो तो उष्णतेनं. नळीतली हवा एक अंश तापली की सूर सुमारे तीन सेंट चढतो. हॉलमध्ये २४ अंश आणि अंगणात ३३ असतील तर सत्तावीस सेंटचा फरक. आणि ब्रास, पाइप, पेटी सारख्या प्रमाणात चढत नाहीत, पेटी तर जवळजवळ हलतच नाही. म्हणून जिथे वाजवायचं तिथेच, वाद्यं वीसेक मिनिटं बाहेर ठेवून, आधी पाच-सात मिनिटं वाजवून मग लावा. क्रम असा : पहिल्यांदा चँटरचा खालचा ए आणि वरचा ए एकमेकांशी, मग तीन ड्रोनपैकी एक टेनर (दोन आखूड ड्रोनपैकी एक) खालच्या एशी, दुसरा टेनर पहिल्याशी, शेवटी बास, म्हणजे लांब ड्रोन. ड्रोनचा सांधा वर ओढला की सूर उतरतो, आत ढकलला की चढतो. थरथर मंदावत थांबली की हात काढा.

पाइप न बोलण्याचं कारण ओलावा. वेताची रीड मुंबईच्या जुलैत हवेतूनच पाणी पिते, त्यात फुंकणाऱ्याच्या श्वासाची वाफ. रीड जड होते, जोर जास्त लागतो आणि मुलं दमून पिशवीचा दाब सोडतात. दाब सुटला की सूर पडतो. ड्रोनना प्लास्टिकच्या रीड घाला, त्यांना ओलाव्याचा फरक फार पडत नाही. चँटरची रीड वेताचीच बरी, पण प्रत्येकाकडे दोन हव्यात, आलटूनपालटून. वाजवून झालं की चँटर काढून आतून कोरड्या फडक्यानं पुसा, रीड सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डबीत ठेवा. उन्हात वाळत घालू नका, तडा जातो. पिशवीचं तोंड रात्रभर उघडं टांगून ठेवा. कातडी पिशवी असेल तर आत बुरशी धरते आणि वास आला तेव्हा उशीर झालेला असतो. कृत्रिम कापडाची पिशवी असली तरी आतलं पाणी पुसावंच लागतं, ते नीट न पुसल्यामुळेच मधल्या ड्रोनमध्ये गुळण्या केल्यासारखा आवाज येतो.